ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारने रेडलाइनजवळ वरचा गिअर नेमका कधी टाकावा?

पूर्ण थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना) गिअर कमाल पॉवरच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) नव्हे, तर ते ओलांडून रेडलाइनच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, जरासा अलीकडे बदलायला हवा. कारण एकाच वेगाला ज्या गिअरमध्ये इंजिन जास्त पॉवर देतं, त्यातच चाकांना जास्त जोर मिळतो. २०१८ची फोर्ड मस्टँग जीटी घ्या: ४६० हॉर्सपॉवर ७,००० आरपीएमला, रेडलाइन ७,५००, दहा गिअर. दुसऱ्यातून तिसऱ्यात (गिअर रेशो २.९८५ वरून २.१४६) ७,०००लाच गेलात तर इंजिन ५,०३०च्या आसपास पडतं, ७,४००ला गेलात तर ५,३२०ला, म्हणजे कमाल पॉवरच्या जास्त जवळ. म्हणून पॉवरचं शिखर गाठताक्षणी गिअर बदलणं हे हातातली पॉवर सोडून देणंच आहे.

पण हे आकडे गिअर प्रत्यक्ष बदलतो त्या क्षणाचे, बदलाचा हुकूम देण्याचे नव्हेत. हुकूम दिल्यावर गिअरबॉक्सच्या क्लचमध्ये तेलाचा दाब भरेपर्यंत आरपीएम चढतच राहतो, पहिल्या गिअरमध्ये तर फार झपाट्याने. म्हणून तिथे हुकूम काहीशे आरपीएम आधी द्यावा लागतो. नाहीतर लिमिटर (आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) इंधन तोडतो, गाडीला धक्का बसतो आणि वेळ जातो. मॅन्युअल मोडमध्ये काही गाड्या स्वतःहून वर जातच नाहीत, तेव्हा स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल थोडं लवकर ओढा. आणि इंजिन-गिअरबॉक्सचं तेल गरम होईपर्यंत रेडलाइनपर्यंत जाऊच नका.