रेडिएशन चालू असताना अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

ताई, तुमच्या वडिलांना ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर) आहे, रेडिएशन सुरू व्हायचंय, आणि नातेवाईक म्हणतात की ट्यूमरमध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले सूक्ष्म भाग) बिघडतात, म्हणून ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन ई ही अँटीऑक्सिडंट भरपूर द्या. माझं मत विचाराल तर, रेडिएशनच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय एकही गोळी देऊ नका.

मायटोकॉन्ड्रिया बिघडतात हे खरंच आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली असे नमुने मी वर्षानुवर्षं पाहिलेत. निरोगी पेशीत आतल्या पडद्याच्या घड्या दाटीने, शिस्तीत दिसतात. ट्यूमरमध्ये बरेच मायटोकॉन्ड्रिया फुगलेले, घड्या विरलेल्या, मध्ये नुसती फिकट पोकळी. पण म्हणून पेशी दुबळी झाली असं समजू नका. ऑक्सिजन असूनही कॅन्सरची पेशी ग्लुकोजचं लॅक्टेट करत राहते, हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. मायटोकॉन्ड्रिया निकामी झाल्यामुळे असं होतं, हा त्यांचा अंदाज मात्र सरसकट खरा ठरला नाही. यातले पुष्कळ मायटोकॉन्ड्रिया कामात असतात, वाढीसाठी कच्चा माल पुरवत असतात.

आता कळीचा मुद्दा. अशा मायटोकॉन्ड्रियातून इलेक्ट्रॉन गळतात आणि फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीला इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, तयार होतात. थोडी असली तर ती पेशीला वाढायला चिथावतात, फार झाली तर तिलाच मारतात. म्हणून त्यांना निष्प्रभ करणाऱ्या ग्लुटाथायोनचा ट्यूमर स्वतःच साठा करतो. त्यासाठी तो सिस्टिन हे अमिनो आम्ल आत ओढतो आणि बदल्यात ग्लुटामेट हे न्यूरॉनना उत्तेजित करणारं रसायन बाहेर टाकतो. त्या ग्लुटामेटने आजूबाजूचे न्यूरॉन भडकतात. या रुग्णांना फिट येण्यामागचं हे एक कारण. म्हणजे ज्याला आपण औषध समजतो, ते ट्यूमरचं चिलखत आहे!

रेडिएशनचा मारा बराचसा फ्री रॅडिकल्समधूनच होतो. त्याच वेळी बाहेरून अँटीऑक्सिडंट दिलं, तर चिलखत आणखी जाड होण्याची भीती आहे. मेंदूच्या ट्यूमरवर याचा थेट पुरावा तोकडा आहे. पण २०१४ मध्ये उंदरांच्या फुप्फुसातले ट्यूमर व्हिटॅमिन ई आणि अ‍ॅसिटिलसिस्टीनमुळे जास्त वेगाने वाढलेले दिसले. रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. एवढं कळल्यावर मी तरी माझ्या माणसावर हा प्रयोग करणार नाही.

रिपोर्टमध्ये आयडीएच काय लिहिलंय तेही बघा. हे जनुक बदललेलं असेल तर पेशीचा एनएडीपीएच (ग्लुटाथायोन पुन्हा कामाचं करायला लागणारा रेणू) खर्ची पडतो, ग्लुटाथायोन ताजं ठेवणं तिला जड जातं. असे ट्यूमर तुलनेने सावकाश वाढतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणापासून त्यांना ग्लायोब्लास्टोमा म्हणतही नाहीत.

फळं, भाज्या, रोजचं जेवण बंद करू नका, भीती आहे ती मोठ्या डोसच्या गोळ्या-पावडरींची. घरात आणून ठेवलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो काढा आणि पहिल्या सेशनच्या आधी डॉक्टरांना दाखवा. वडिलांना फिट येतात का, तेही कळवा.