लॅग की लबाडी?

प्रश्न : सर मी सांगलीचा, रोज रात्री ऑनलाइन ब्लिट्झ, म्हणजे झटपट बुद्धिबळ, खेळतो. काल वजिरानं वर होतो, समोरच्याचे ४ सेकंद उरलेले, ते संपेचनात, अडकत अडकत चाली येतात आणि शेवटी माझाच फ्लॅग पडला, म्हणजे वेळ संपून मीच हरलो! मुद्दाम करतात का हे?

उत्तर : करणारे करतात हो. खरं घड्याळ सर्व्हरवर चालतं आणि लॅगपोटी, म्हणजे नेट अडकून वाया गेल्याबद्दल, थोडा वेळ परत मिळतो, पण त्याला मर्यादा असते, सेकंदाचे तुकडेच हाती लागतात, अर्थात ४ सेकंदात तेवढेही पुरतात म्हणा. नेट पूर्ण तोडलं तर त्याचंच घड्याळ पळतं, लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर थोडं थांबून विजय क्लेमही करता येतो. एकदाच झालं तर सोडा, बिचाऱ्याची लाइट गेली असेल; दरवेळी हरतानाच होत असेल तर रिपोर्ट मारा. आणि ३+२ खेळा की राव, ३ मिनिटं मिळतात आणि दर चालीला २ सेकंद वाढतात. सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचे तुम्ही, वजीर वर असताना घाई कशाला?