फुटाळ्याचं पाणी मळकट का दिसतं?

प्रश्न : मी फ्रेंच चित्रकार सिन्याकचे बंदराचे चित्रं पाहून आमच्या फुटाळा तलावावरची संध्याकाळ ठिपक्यांनी रंगवून राहिली. पिवळे-निळे ठिपके जवळजवळ दिले की लांबून हिरवं दिसते असं वाचलं होतं, पण माझं तर नुसतं राखाडी दिसते. ॲक्रिलिक आहे, ब्रश एकदम बारीक. चुकून कुठं राहिलं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा हे पॅलेटवर खरं आहे, कारण तिथं पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, निळा रंग लाल शोषतो आणि उरतो तो हिरवा. ठिपके शेजारी-शेजारी असले की असं काही होत नाही, दोघांचा प्रकाश डोळ्यात एकत्र येतो, त्याची सरासरी निघते आणि पिवळ्या-निळ्याची सरासरी जवळपास राखाडीच येते. म्हणजे तुम्हाला दिसलं ते बरोबरच दिसलं.

मग सिन्याकचं बंदर का झळकतं? तर ठिपक्यांची ही पद्धत काढणारा त्याचा मित्र सरा 1891 मध्ये अवघ्या 31 व्या वर्षी गेला, पुढच्या वर्षी सिन्याक बोटीनं दक्षिण फ्रान्समधल्या सेंट ट्रोपेला पोचला आणि हळूहळू त्याचे ठिपके मोठे होत मोझॅकच्या तुकड्यांएवढे झाले. 1901-02 चं त्याचं सेंट ट्रोपेचं बंदर झूम करून बघा, रंग एकमेकांत मिसळतच नाहीत, शेजारी राहून एकमेकांना उठाव देतात, आणि माझ्या मते सगळी जादू तिथंच आहे. यामागचा शास्त्रज्ञ शेव्रल. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता! 1839 मध्ये त्यानं यावर पुस्तकच लिहिलं.

सराची 1890 ची, उत्तर फ्रान्समधल्या ग्राव्हलीन बंदराची चित्रं बारीक ठिपक्यांचीच आहेत, फार सुंदर आहेत, पण तो उत्तरेकडचा फिकट उजेड, आपल्याकडचं ऊन तसं नाही ना. म्हणून चपटा ब्रश घ्या, सूर्याच्या पट्ट्यात नारिंगी आणि त्याला लागून निळा-जांभळा द्या, मधे थोडा पांढरा कागद सुटू द्या, आणि हिरवा हवा तिथं सरळ हिरवाच लावा. अधूनमधून मोबाईलवर चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, त्यात उजेडाचा पट्टा आणि पाणी सारखंच राखाडी आलं तर रंग बदलून उपयोग नाही, आधी पाणी गडद करा.