खाडा कापू नकोस

प्रिय मुली,

रात्री साडेअकराला आलेला तुझा मेसेज पुन्हा वाचला. बाळाच्या कपाळावर टेंगूळ, त्याला सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात "काही झालं नाही", आणि तू विचारतेस, कॅमेरा लावू की बाई बदलू? शेवटी जाता जाता लिहिलंयस की गेल्या महिन्यात त्यांचे तीन खाडे झाले, मुलाला ताप होता, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून तू पैसे कापलेस. अगं, तुझं उत्तर त्याच ओळीत आहे.

खाडा कापू नकोस.

१५,००० पगारातले १,५०० वाचले. त्यांना मात्र कळलं की या घरात काही बिघडलं की पैसे जातात. मग बाळ पलंगावरून गडगडलं हे त्या कशाला सांगतील? तुला टेंगूळ संध्याकाळी दिसलं. दुपारीच फोन आला असता तर बाळाला उलटी होतेय का, ते सुस्त पडलंय का, हे बघायला सांगता आलं असतं, डॉक्टरांना विचारता आलं असतं. पडणं कुठल्याही घरात होतं, आईच्या हातूनही. ते लपून राहणं धोक्याचं.

कॅमेरा लावायचा तर खुशाल लाव, पण त्यांना सांगून, आणि त्या कपडे बदलतात त्या खोलीत नको. त्यात पडलेलं बाळ दिसेल, पण दुपारी मीटिंगमध्ये बसून तू बघणार आहेस का?

आमच्या वेळी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. धाकटा तीन महिन्यांचा असताना मी बँकेत रुजू झाले. त्याचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही, ते अजून सलतं. पण आमच्या बाईंचा खाडा मी कधी कापला नाही. सासूबाई म्हणायच्या, डोक्यावर चढवून ठेवलंयस. चढवलं असेल. पुढे दीड वर्षाचा असताना त्याच्या घशात शेंगदाणा अडकला. बाईंनी त्याला मांडीवर पालथं घातलं, पाठीवर जोरात थापा मारल्या, दाणा बाहेर आला आणि मग त्यांनी बँकेत फोन केला. "ताई, वाटी मीच खाली ठेवली होती," हे पहिलं वाक्य. लपवलं असतं तर मला कधीच कळलं नसतं. सासूबाईंना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. द्यायची गरजच उरली नव्हती.

तुझ्या रजेचंच बघ. २०१७ साली ती १२ वरून २६ आठवडे झाली, आणि तुला भरपगारी मिळाली. स्वतःचं मूल तापलं म्हणून मावशींना तीन दिवसही मिळू नयेत? याचा मला राग येतो, आणि तो तुझ्यावरच येतो, कारण तुला हे कळतं. (पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यावं लागतं. एचआरला लेखी विचार. आम्ही विचारलं नाही, विचारायला कायदाच नव्हता.)

आता कागदावर लिहून दोघींकडे ठेवा: आठवड्याची सुट्टी, महिन्याच्या दोन भरपगारी रजा, गणपतीला गावी जाण्याचे दिवस, दिवाळीला एक पगार. त्या दिवशी बाळाकडे कोण, हेही लिही, आणि तिथे नवऱ्याचं नाव असू दे. फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर, १०८, आणि तापाच्या औषधाचं माप डॉक्टरांकडून एमएलमध्ये लिहून घेऊन लाव. बाटलीचं नावही लिही. थेंबांचं औषध आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, तिथे घोळ होतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे, शिवाय असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारचं ई-श्रम पोर्टल आहे. दोन्हीकडे त्यांची नोंदणी करून द्यायला एक शनिवार काढ.

बाळ संध्याकाळी त्यांच्या कडेवरून तुझ्याकडे येताना रडतं, तेही लिहिलंयस. रडू दे. जीव लावणारं माणूस मिळालंय.

उद्या सकाळी आधी ते १,५०० परत दे. दारात चपला घालता घालता नको. अर्धा तास उशिरा निघ, दोघी बसून चहा घ्या. टेंगळाचं नंतर विचार, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस. काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी
काकू