कुजबुजीचे व्होकल लेयर मिक्समध्ये दबतात, वाढवले की ‘स’-‘श’ कानाला टोचतात. कोणतं प्लगिन घेऊ?

प्लगिनचं नंतर बघू. आधी सांगा, एकावर एक रचलेल्या तुमच्या लेयरमधले खरे, म्हणजे वेगळे रेकॉर्ड केलेले, किती? एकच टेक (एकदा केलेलं रेकॉर्डिंग) चार ट्रॅकवर पेस्ट करून त्याला लेयर म्हणणारे मी पाहिलेत, आणि त्यातल्या एका संगीत संयोजकाशी माझं अजून वाजतं.

जळगावात अहिराणी, म्हणजे खानदेशी बोलीतल्या, गाण्यांचं काम बारमाही चालतं. कानबाई, ही खानदेशची देवी, श्रावणात बसते, गाणी मात्र आम्ही भर उन्हाळ्यातच रेकॉर्ड करायला घेतो. अशाच एका गाण्यात अंतऱ्यामागे कुजबूज हवी होती. बाहेर ४५ अंश, आणि आत कूलर बंद. कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, नुसती हवा उरते. कूलरचीही हवाच. गेन (माइकची पातळी) वाढवला की दोन्ही वाढतात, मग निवडत बसा. गायिका म्हणाली, “पंखा तरी लाव ना भाऊ!” नाही लावला.

प्रत्येक लेयर तिच्याकडून वेगळा गाऊन घेतला. आता अहिराणीत निम्मी वाक्यं ‘शे’वर (म्हणजे ‘आहे’वर) संपतात. प्रत्येक टेकमधला ‘श’ केसभर मागेपुढे, की झालीच फवारणी सुरू. म्हणून मधल्या टेकचा ‘श’ ठेवला आणि बाकीच्यांचे हाताने फेड करून फक्त स्वर उरू दिले. कंटाळवाणं काम आहे, पण तुमचं टोचणं निम्मं इथेच संपेल.

संयोजक मागे बसून हसत होते. “कशाला एवढी उठाठेव? एक टेक कॉपी मार, १५ मिलिसेकंद सरकव, एक डावीकडे टाक, एक उजवीकडे. हेडफोनवर बघ कसं पसरतं!” पसरतं, नाही कुठे म्हणतोय. पण कानबाईचं गाणं हेडफोनवर ऐकतं कोण? ते गल्लीतल्या भोंग्यावर वाजतं, तिथे डावं-उजवं एकच. तोच आवाज १५ मिलिसेकंदांनी स्वतःतच मिसळला की साधारण दर ६७ हर्ट्झला एक खड्डा पडतो. कुजबूज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी येते. मी मोनोचं बटण दाबून ऐकवलं, तर म्हणे स्पीकर खराब आहेत. पैसे त्यांच्यामार्फत येत होते, त्यामुळे त्यांचंच मिक्स बाहेर पडलं. स्पीकर आजही तेच आहेत आणि उत्तम चालतात.

तर तुमचं: २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, कुजबुजीत तिथे कामाचं काही नसतं. १०-१२ डीबी दाबलं जाईल इतकं कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणं) बिनधास्त द्या. त्याने ‘स’ वर येतो, म्हणून डी-एसर (‘स’-‘श’ दाबणारं साधन) कॉम्प्रेसरनंतर, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. रिव्हर्बच्या (घुमण्याच्या इफेक्टच्या) सेंडवर, म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या आवाजावर, वेगळा डी-एसर लावा, नाहीतर ‘स’ची शेपटी लांबते. ऑटोट्यून कुजबुजीवर लावू नका. पकडायला सूरच नसतो. एवढं करूनही दबलं तर कुजबूज वाढवण्याआधी मागच्या पॅडमधून (लांब चालणाऱ्या कीबोर्डच्या सुरांतून) २ ते ४ किलोहर्ट्झ थोडं काढा.

हां, गाणं फक्त इअरफोनवाल्यांसाठी असेल तर सरकवलेली कॉपी चालून जाते. पण हे त्या संयोजकांना कळवू नका.

प्लगिन विकत घेऊ नका. रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यातलं रिॲक्सकॉम्प फक्त वरच्या पट्ट्यावर लावा, डी-एसरचं काम करतं.