चौथ्या पानावरचं झाड

प्रिय मुला,

तुझ्या ३२ पानांची कच्ची चित्रं काल रात्री दोनदा पाहिली. हात चांगला आहे, ते तुला ठाऊक आहे. 'मी चर्चला जात नाही, मग उपकारस्तुतीच्या गीताचं पुस्तक मी का काढावं', हे नंतर बोलू. आधी मला सांग, चौथ्या पानावरचं झाड कुठलं?

तू चित्रं काढतोयस ते गीत, 'फॉर द ब्यूटी ऑफ द अर्थ', लिहिणारा पियरपॉइंट इंग्लंडातल्या बाथचा. गीत छापून आलं १८६४ साली. डोंगर, दरी, झाड, फूल, सूर्य, चंद्र, तारे... नुसती नावं, आणि दर कडव्याशेवटी तीच स्तुती. कवीचं 'झाड' म्हणून भागतं. तुझं भागत नाही रे! पान काढलंस की ते आंब्याचं तरी होतं, नाहीतर पिंपळाचं. तुझं झाड कुठल्याशा फोटोतलं आहे आणि त्यावर बर्फ आहे. ठाण्यातच राहतोस ना? येऊरच्या जंगलात जा. बघ, मग काढ.

फ्लेमिंगो घेतलेस, छान. पण सगळेच गुलाबी? पिल्लं राखाडी असतात; रंग मागाहून चढतो, खाल्लेल्या शेवाळातून. ऐरोलीच्या खाडीवर एखाद्या हिवाळी सकाळी उभा राहिला असतास, तर हे मला लिहावं लागलं नसतं. बघ, मग काढ.

मी कुठल्या तोंडाने सांगतेय? मीही अशीच एक पुस्तिका केली होती, आठ दिवसांत, परदेशी कॅलेंडरं समोर ठेवून. डॅफोडिल, पाइन, टोकदार छपराचं चर्च. भाचीने पान उलटून विचारलं, "मावशी, हे कुठंय?" मी म्हटलं, देवाच्या घरी. सुटले! आठ दिवसांत येऊर होत नाही, आणि घरमालक भाड्यासाठी थांबत नाही, हे खरंच आहे. पण मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चवरून तेव्हा रोज जायचे, आणि एकदाही वही उघडली नाही. त्याला भाड्याचं कारण चालत नाही.

स्वर्गवासी सोबत्यांच्या कडव्याला तू ढग आणि पंख काढलेस. पंखवाला कुणी भेटलाय तुला? माझ्या आईच्या 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात तिच्या आवडत्या गीतांना खुणेला बसची तिकिटं आहेत, घडी करून चपटी झालेली. रविवारी दुपारी ये. पुस्तक घरी नेऊ देणार नाही, इथेच बसून काढ. पेन्सिल आण, रंग नकोत.

तुझी,
बाई