कोरियाची गोष्ट १९६१पासून सुरू करू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. पहिल्याच प्रकरणात १९६१चं लष्करी बंड, मग त्या बंडातून सत्तेवर आलेले पार्क चुंग-ही, पंचवार्षिक योजना, पोहांगचा पोलाद कारखाना; आणि निष्कर्ष काय, तर खंबीर नेता मिळाला म्हणून देश उभा राहिला. सगळे असंच लिहितात. तू निदान अकरा वर्षं मागे जा.

१९५० साली दक्षिण कोरियात जमिनीचं फेरवाटप सुरू झालं. आपल्या ‘कसेल त्याची जमीन’च्याच जातीचं, पण फार कडक. एका कुटुंबाला सात-साडेसात एकरांची मर्यादा. कुळाने वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत पाच वर्षांत फेडायची. उत्तरेने १९४६मध्येच जमिनी वाटल्या होत्या, त्यामुळे दक्षिणेच्या सरकारला हातावर हात ठेवून बसणं परवडणारं नव्हतं. जमीनदारांना मिळाले सरकारी रोखे, ते कोरियन युद्धातल्या महागाईने कवडीमोल झाले. कुळांची पोरं शाळेत जाऊ लागली. पार्क आले तेव्हा लिहिता-वाचता येणारी तरुण पिढी तयारच होती.

आता खंबीरपणाची किंमत. ती तू दोन ओळींत उरकली आहेस, ते काही बरं नाही. सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या शिलाईच्या माळ्यांवर सरळ उभं राहता येत नसे, इतकं छत खाली. हवेत कापडाचे तंतू. कोवळ्या पोरी चौदा-चौदा तास राबत. तिथेच चॉन थे-इल कापड बेतायचा. कामगार कायदा १९५३पासून होता, पण चिनी अक्षरांनी भरलेला. शाळा अर्धवट सुटलेल्या या मुलाला तो धड लागत नसे. कॉलेजात शिकणारा एखादा मित्र हवा होता, असं तो म्हणायचा. १३ नोव्हेंबर १९७०ला त्याने कायद्याचं पुस्तक हाती धरून स्वतःला पेटवून घेतलं. ‘आम्ही यंत्रं नाही!’ ही त्याची घोषणा. वय २२.

कॉलेजातले मित्र आले ते त्यानंतर. त्यांनी रात्रशाळा चालवल्या, पुढे शिक्षण लपवून कारखान्यांत नोकऱ्याही धरल्या. जून १९८७मध्ये जनतेने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक पदरात पाडून घेतली आणि लगेच उल्सानच्या कारखान्यांत संप पेटले. या दोन घटना सलग वाच, वेगळ्या काढू नकोस.

पार्कवरचं प्रकरण मात्र ठेव. निर्यातीचं श्रेय त्यांना द्यावंच लागेल. फक्त ते तिसरं कर. आणि चॉनची आई ली सो-सन हिच्याबद्दल मिळेल ते वाच. मुलगा गेल्यावर २०११मध्ये मरेपर्यंत ती कामगारांच्या लढ्यांत होती.